सात जणांची गाडी आणि तामसीचा रस्ता

प्रश्न : आम्ही तामसीला राहतो. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि धाकटा भाऊ, अशी सात माणसं. शेती कापूस-सोयाबीनची. सोयरिक पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे असल्यामुळे लग्नकार्याला, माहूरला, दवाखान्यासाठी नागपूरला दर वेळी भाड्याची गाडी करावी लागते. यंदा सात सीटर घ्यायचं घरात ठरतंय. मला पहिलं कुतूहल हे, की सात सीटर म्हणतात तीत सात माणसं सामानासकट खरंच बसतात का? दुसरं, मेहुणे म्हणतात यवतमाळला घ्या, स्वस्त पडेल. ते खरं का? आणि घेतल्यावर आपल्या काळ्या मातीत ती जपायची कशी?
– एक वाचक, तामसी, जि. आदिलाबाद

उत्तर : सात माणसं बसतात. सात माणसं आणि त्यांचं सामान मात्र एका वेळी बसत नाही, निदान तुम्ही ज्या किमतीच्या गाड्या बघत असाल त्यांत तरी नाही. शोरूममध्ये आधी तिसरी रांग पाडून मोठी डिकी दाखवतात, मग तीच रांग उभी करून सात जागा मोजून दाखवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण एका वेळी त्यातली एकच मिळते. मारुती अर्टिगाची तिसरी रांग उभी असताना मागे २०९ लिटर जागा उरते, ती रांग पाडली की ५५०. रेनो ट्रायबरला तिसऱ्या रांगेसह फक्त ८४ लिटर. तेवढ्यात मुलांची दोन दप्तरं आणि पाण्याची कॅन जाईल. लग्नाला निघालेल्या सात माणसांच्या बॅगा, आहेराच्या पिशव्या आणि आईचा डबा जाणार नाही.

मग सामान टपावर जातं. वरच्या कॅरिअरवर किती वजन चालतं हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि या वर्गातल्या गाड्यांत ते फार थोडं असतं. टपावर वजन चढलं की वळणावर गाडी जास्त कलते, जोराच्या वाऱ्यात हलते. नागपूरच्या वाटेवर हायवेला मोठे ट्रक शेजारून जातात, तेव्हा हे हातालाच कळतं. म्हणून टपावर हलक्या गाद्या, चादरी, रिकाम्या पिशव्या ठेवा आणि जड ते सगळं खाली, पायांशी.

वजनाचा हिशेब गाडी घेण्याआधीच करून बघा. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर छापलेलं असतं आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन कंपनीच्या पुस्तिकेत. या दोहोंतला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून तुम्हाला मिळालेली सूट. छोट्या सात सीटरांत ती साधारण साडेपाचशे-सहाशे किलोच्या आसपास असते. तुमची पाच मोठी माणसं आणि दोन मुलं सव्वाचारशे किलोच्या आत भरतील, म्हणजे तुमच्या कुटुंबापुरता प्रश्न नाही. प्रश्न येतो तो ‘अजून दोघं दाटीवाटीनं बसतील’ म्हणण्यात. आपल्याकडे काळीपिवळीत बारा-पंधरा जण बसायची सवय डोळ्यांना आहे, म्हणून आठव्या-नवव्या माणसाचं काही वाटत नाही. पण त्या माणसाला पट्टा नाही, डोक्यामागे उशी नाही, आणि ब्रेक सात माणसांच्या हिशेबाने बांधलेले आहेत. सात म्हणजे चालकासकट सात. घरात हा नियम पहिल्या दिवशी केला तरच पाळला जातो.

आता तिसऱ्या रांगेविषयी थोडं सविस्तर, कारण सात सीटर घेणाऱ्यांची खरी परीक्षा तिथेच होते. ती रांग मागच्या चाकांच्या वर येते. खड्ड्याचा दणका तिथे सर्वांत जास्त, एसीचा गारवा तिथे सर्वांत उशिरा, आणि मागून धक्का बसला तर मध्ये अंतर सर्वांत कमी. आत जायला मधल्या रांगेची सीट पुढे लोटून, वाकून, एक पाय आत टाकून सरकावं लागतं. सत्तरीतल्या, गुडघे धरलेल्या माणसाला ते जमत नाही, आणि नऊवारीतल्या आजीला तर नाहीच. बाबांना पुढे, आईला मधल्या रांगेत दाराशी आणि तिसऱ्या रांगेत घरातली धडधाकट माणसं, अशी बसण्याची व्यवस्था धरा. मुलांना मागे टाकून मोकळं व्हायची रीत आहे, ती बरोबर नाही. लहान मूल मधल्या रांगेत, पट्ट्यात किंवा मुलांच्या खास सीटवर असायला हवं. चौदा वर्षांखालच्या मुलाला सुरक्षित न बसवल्यास मोटार वाहन कायद्यानुसार एक हजार रुपये दंड आहे. तिसऱ्या रांगेत जो बसेल त्याने डोक्यामागची उशी वर ओढून घ्यावी. ती खाली दाबलेली असते कारण रांग पाडताना ती आड येते, आणि मग कायम तशीच राहते.

गाडी भरली की मागचा भाग खाली बसतो आणि पुढच्या दिव्यांचा झोत वर चढतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो जातो आणि आपल्याला मात्र रस्ता कमी दिसतो. त्यासाठी स्टिअरिंगच्या आसपास दातेरी चाकासारखं एक छोटं बटण असतं. त्यावर शून्यापासून आकडे असतात, आणि ते फिरवून झोत खाली आणता येतो. अनेक चालकांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं. तामसी-भीमपूर पट्ट्यात, जिथे पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघसुद्धा नदी ओलांडून येतात आणि रोही, रानडुकरं तर रोजचीच, तिथे रात्री झोत रस्त्यावर पडणं फार मोलाचं आहे. टायरमधली हवाही भरलेल्या गाडीला वेगळी लागते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर दोन आकडे असतील तर मोठा आकडा भरलेल्या गाडीसाठी असतो.

कोणती घ्यावी, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण मनात आहेच. १९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनने आपल्याकडच्या घरांना सगळं बिऱ्हाड एका गाडीत घालायची सवय लावली. दहा वर्षांनी टाटांची सुमो आली. तिचं नाव टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या नावावरून ठेवलेलं. मग २००० साली क्वालिस, २००५ मध्ये इनोव्हा. पण साध्या शेतकरी घराच्या आवाक्यात, मोटारीसारखी चालणारी आणि सात जण नेणारी गाडी आली ती २०१२ च्या अर्टिगापासून. तिच्यामागून २०१९ मध्ये ट्रायबर आणि २०२२ मध्ये किया कॅरेन्स.

ट्रायबर चार मीटरच्या आतली आहे, गल्लीत वळते, तिसरी रांग काढून घरी ठेवता येते, किंमत सर्वांत कमी. तिचं इंजिन मात्र एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, ७२ अश्वशक्तीचं. सात जण, एसी चालू आणि माहूरगडाचा चढ किंवा निर्मलचा महबूब घाट, अशा वेळी ते धापा टाकतं. पाच जण नेहमीचे आणि दोन मुलं कधीतरी, अशा घराला ती चांगली. तुमच्या घरात पाच मोठी माणसं आहेत, म्हणून ती मी तुम्हाला सुचवणार नाही.

अर्टिगाचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन त्या चढावर तक्रार करत नाही, इंधन कमी खातं आणि दुरुस्ती कुठेही होते. पण २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी एकच तारा मिळाला. ती दोन एअरबॅगची गाडी होती. २०२५ मध्ये कंपनीने सर्व प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या, हे चांगलं झालं. तरी गाडीचा सांगाडा एअरबॅगने बदलत नाही, हेही लक्षात ठेवा. कॅरेन्सला त्याच चाचणीत तीन तारे मिळाले, सहा एअरबॅग तिला सुरुवातीपासून आहेत आणि तिसऱ्या रांगेत मोठा माणूस खरोखर बसू शकतो. पैसे पुरत असतील तर माझा कल कॅरेन्सकडे आहे. मात्र तिच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत तुम्हाला किती लांब जावं लागेल हे आधी बघा. आदिलाबादेत काम होत असेल तर ठीक. प्रत्येक सर्व्हिसिंगला नागपूरचं सुमारे दोनशे किलोमीटरचं जाणं पडणार असेल, तर त्या गाडीची देखभाल होत नाही. ती पुढे ढकलली जाते, आणि त्यात नुकसान तुमचंच.

इंधनाचं थोडक्यात. डिझेल घेण्याचा मोह लांबच्या प्रवासामुळे होतो, पण बीएस-६ डिझेल गाडीला धुराची जाळी असते आणि ती स्वच्छ व्हायला अधूनमधून हायवेवर सलग चालवावी लागते. तामसी ते आदिलाबाद एवढ्याच फेऱ्या होणार असतील तर ती जाळी तुंबते. सीएनजीची टाकी डिकीतली जागा खाते, म्हणजे आधीच कमी असलेलं सामान आणखी घटतं. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करून घ्यावी लागते. तुमच्या वापराला पेट्रोलच बरं.

आता मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल.

हा प्रश्न सीमेवरच्या प्रत्येक घरात निघतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलुखात गेले आणि बाकी जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. सोयरिक, बाजार, देवस्थानं जशी होती तशीच राहिली. त्यामुळे गाडी कुठे घ्यायची याचं उत्तर नकाशावरून मिळत नाही, नात्यागोत्यावरून मिळतं.

पण कर नातं बघत नाही. जीएसटी साऱ्या देशात एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, त्याहून मोठीला ४० टक्के. म्हणून ट्रायबर १८ मध्ये येते, अर्टिगा आणि कॅरेन्स ४० मध्ये. ही टक्केवारी यवतमाळलाही तीच आणि आदिलाबादलाही तीच. बदलतो तो राज्याचा रस्ताकर आणि विक्रेत्याची सूट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे नोंदणी तिथेच करायची जिथे मालक राहतो किंवा जिथे गाडी नेहमी उभी असते. तुमचा आधार तामसीचा, गाडी उभी राहणार तामसीला, म्हणजे नोंदणी आदिलाबादला आणि लाइफ टॅक्स तेलंगणाला. गाडी यवतमाळच्या शोरूममधून आणली तरी तात्पुरती नोंदणी करून ती आदिलाबादलाच पासिंग करावी लागेल.

लोक पळवाट म्हणून काय करतात, तर मेहुण्यांच्या नावावर, त्यांच्या पत्त्यावर एमएच-२९ नंबर घेतात आणि गाडी इकडे वापरतात. ते करू नका. गाडी कागदावर मेहुण्यांची होते, कर्ज असेल तर तेही त्यांच्या नावावर. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली की कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो, आणि तेव्हा कर पुन्हा भरावा लागतो. पहिल्या राज्याकडून उरलेला कर परत मागता येतो, पण त्यासाठी एनओसी, अर्ज आणि हेलपाटे. आणि अपघात झाला तर विमा कंपनी विचारणारच, की गाडी कुणाची, राहते कुठे, चालवत कोण होतं. वाचलेल्या रकमेपेक्षा हे सगळं फार महाग पडतं. यवतमाळचा विक्रेता खरंच जास्त सूट देत असेल तर गाडी तिथून जरूर घ्या, पण बुकिंगची पावती, बिल आणि विमा तुमच्याच नावावर, तामसीच्या पत्त्यावर असू द्या. दोन्हीकडची ऑन-रोड किंमत लेखी मागा, आणि दोन्हींत आदिलाबादच्या नोंदणीचाच कर धरायला सांगा. तेव्हाच तुलना खरी होईल. आदिलाबादच्या नंबराने आजवर एपी-०१, टीएस-०१ आणि २०२४ च्या मार्चपासून टीजी-०१ अशी तीन रूपं पाहिली आहेत. तुमच्या गाडीवर टीजी-०१ च शोभेल.

विमा शोरूमचाच घ्यायला हवा असं नाही. नव्या मोटारीला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सलग तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र कुठूनही घेता येतो. त्यात इंजिन संरक्षणाची जोड तुमच्या भागात घ्याच. कारण पुढे सांगतो.

दहा लाखांवरची गाडी घेताना विक्रेता किमतीच्या एक टक्का रक्कम टीसीएस म्हणून कापतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे बरेच शेतकरी विवरणपत्रच भरत नाहीत आणि ती रक्कम सरकारकडे पडून राहते. विवरणपत्र भरून ती परत मिळते. बारा लाखांच्या गाडीवर हे बारा हजार रुपये आहेत, सोडू नका.

कर्जाचा हप्ता किती वर्षांचा घ्यावा, यावर एक आकडेमोड दाखवतो. आठ लाख रुपये, ९ टक्के व्याज. पाच वर्षांत महिन्याचा हप्ता साधारण १६,६०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजारांच्या आसपास. सात वर्षांत हप्ता १२,८७० च्या जवळ उतरतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जातं. पंच्याऐंशी हजारांचा फरक. कापसाचा पैसा वर्षातून एकदाच येतो, हप्ता मात्र दर महिन्याला द्यायचा असतो. काही बँका आणि वित्तसंस्था शेतकऱ्याला सहामाही हप्ते बांधून देतात. ते आधी विचारा आणि मगच सही करा. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरून बँकेचं नाव काढून घ्यायला विसरू नका.

गाडी ताब्यात घेताना.

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना शोरूममध्ये रांग असते. हार, पेढे, फोटो आणि घाई. त्या दिवशी काहीही तपासता येत नाही. मुहूर्ताच्या आधी, आणि गाडी तुमच्या नावावर नोंदण्याच्या आधी, दिवसाउजेडी एकदा जाऊन गाडी बघा. नोंदणी झाली की दोष दाखवूनही गाडी बदलून मिळणं अवघड होतं.

फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला. त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा. प्रत्येक टायरवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चारही टायर आणि स्टेपनी यांचे आकडे जवळपास असायला हवेत. एखादा वर्षभर जुना निघाला तर विचारा. रंग सावलीत बघू नका, उन्हात तिरप्या नजरेने बघा. डाग किंवा पुन्हा मारलेला रंग तेव्हाच दिसतो. दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना, पुस्तिका, सगळं मोजून घ्या. विम्यावर आणि बिलावर नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच आहे ना, हे बघा. सीमेवरच्या मराठी आडनावांचं तेलुगू वळणाने लिहिलं जाणं हा रोजचा त्रास आहे, आणि एका अक्षरापायी पुढे विक्री अडते.

डिसेंबरात सूट जास्त मिळते. पण जानेवारीत नोंदवलेली गाडी कागदावर मागच्या वर्षीची बनलेली राहते आणि विकताना तेच वर्ष धरलं जातं. दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर फरक पडत नाही, सूट घ्या.

बाहेरून सीट कव्हर बसवताना एक काळजी घ्या. सहा एअरबॅगच्या गाडीत पुढच्या सीटच्या कडेलाच एअरबॅग असतात. जाड रेक्झिनचं कव्हर ती कड झाकून शिवलं तर ऐन वेळी एअरबॅग फुटून बाहेर येत नाही. समोर लोखंडी गार्ड लावू नका. तो कायद्याने चालत नाही, आणि पुढच्या एअरबॅगच्या सेन्सरलाही गोंधळात टाकतो.

काळी माती.

आपली रेगूर माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की दगडासारखी होते. जूनच्या पहिल्या पावसानंतर शेताच्या वाटेने गाडी नेली, की चाकांच्या वरच्या पोकळीत आणि रिमच्या आतल्या बाजूला ती थरांनी बसते. बाहेरून गाडी धुतलेली दिसते, आतून चाकामागे मात्र किलोच्या किलो माती चिकटलेली. मग आदिलाबादच्या रस्त्याला साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि लोक व्हील बॅलन्सिंगला धावतात. आधी रिमच्या आत हात घालून बघा. तिथे एका बाजूला मातीचा गोळा चिकटलेला असेल तर तोच थरथरीचं कारण असतो. माती ओली असतानाच पाइपने खालून पाणी मारून काढायची. वाळल्यावर फडक्याने पुसायचं नाही, त्यातली वाळू रंगावर ओरखडे काढते. दारांच्या तळाशी पाणी निथळायला छोटी भोकं असतात, ती मातीने बुजली की दारात पाणी साचून आतून गंज धरतो. काडीने मोकळी ठेवा.

वेचणीच्या दिवसांत कापसाचं रुई-तूस हवेत असतं. ते रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीत अडकतं, त्यावर धूळ आणि किडे बसतात, आणि मार्च-एप्रिलात एसी गार होईना म्हणून गॅस भरायला जातो. बहुतेक वेळा गॅस पुरेसा असतो, जाळी बुजलेली असते. ती कमी जोराच्या पाण्याने, मऊ ब्रशने साफ करायची. गाडी धुण्याच्या मशीनचा जोरदार फवारा थेट जाळीवर मारला तर तिची पातळ पानं वाकतात. इंजिनचा एअर फिल्टर आणि आतला एसीचा फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच उघडून बघा. पुस्तिकेतही धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळी मुदत दिलेली असते, ती तुमची.

कापसाची गाठोडी, सरकी, ढेप गाडीतून नेऊ नका. सीटखालच्या रुळांत तूस आणि सरकी गेली की उंदीर येतात, आणि उंदीर वायर कुरतडतात. आजकालच्या गाडीत एक वायर तुटली तरी गाडी जागची हलत नाही. गाडी धान्याच्या कोठीशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करायचीही सवय नको. दुसरं कारण आणखी गंभीर आहे. गाडीखाली सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा एक भाग असतो, तो अतिशय तापतो. लांबून आलेली गाडी वाळल्या पऱ्हाटीवर किंवा गवतावर थांबवली तर खालून पेट घेऊ शकतो.

आणि फवारणीची औषधं. हे मी कळकळीने सांगतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे तुमच्या भागाला सांगायची गरज नाही. तीच औषधं बंद काचांच्या, एसी लावलेल्या गाडीतून मुलांच्या सीटमागे ठेवून आणली जातात. झाकण थोडं सैल असलं तरी वाफ सगळ्यांच्या श्वासात जाते, सांडलं तर गालिच्यात मुरतं आणि निघत नाही. औषधं दुचाकीच्या डिकीतून, बैलगाडीतून, टेम्पोतून आणा. घरच्या गाडीतून नको.

पावसाळ्यात नाल्यांना पूर येतो. पुलावरून वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, एवढं पाळलं तर पुढचं काही लागत नाही. तरीही पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असेल तर स्टार्टर मारताच आतला दांडा वाकतो, आणि दुरुस्तीचा खर्च एकदम मोठा होतो. साधा विमा तो देत नाही, कारण ‘गाडी नंतर चालू करायला गेल्यामुळे झालेलं नुकसान’ म्हणून तो बाजूला काढतात. मघाशी सांगितलेली इंजिन संरक्षणाची जोड याचसाठी. गाडी न्यूट्रल करा, माणसं आधी बाहेर काढा आणि गाडी ढकलून काठाला आणा.

उन्हाळ्याचं सांगायला हवंच. आदिलाबादला मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. बंद गाडीच्या आतली हवा त्याहून कितीतरी तापते. गाडी दाराशी उभी असली की मुलं खेळायला आत जातात आणि दार लागून बसतं. किल्ली नेहमी उंच, मुलांच्या हाती न लागेल अशी ठेवा आणि गाडी उभी केली की लॉक करा. टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. तापलेल्या टायरला भरलेली हवा खोटा आकडा दाखवते. आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात सर्वांत कडक, तेव्हा तोच दाब आपोआप उतरतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा तपासा.

पहिल्या हजार किलोमीटरात गाडी एकाच वेगाने तासन् तास हाकू नका, पूर्ण भरून घाट चढवू नका. मारुतीची पहिली मोफत सर्व्हिस हजार किलोमीटर किंवा एक महिना, दुसरी पाच हजार किंवा सहा महिने, तिसरी दहा हजार किंवा एक वर्ष, यात जे आधी येईल ते. गाडी कमी चालली म्हणून तारीख चुकवू नका. ऑइल उभ्या गाडीतही जुनं होतं. शेतीच्या हंगामात गाडी महिनाभर दाराशी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं आदिलाबादच्या रस्त्याला फिरवून आणा, नाहीतर बॅटरी उतरते. शेजारी-पाजारी लग्नाला मागतील. माणुसकीने द्या, पण भाडं घेऊन देऊ नका. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाड्याची माणसं असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

शेवटी एक विनंती. टोकन भरण्याआधी चाचणीची गाडी शोरूमच्या दारात दहा मिनिटं फिरवून समाधान मानू नका. विक्रेत्याला गाडी तामसीला आणायला सांगा. बरेच जण आणतात, नाही म्हणाला तर दुसरा बघा. सातही जण बसा, बाबांना चढता-उतरता येतं का बघा, गावातल्या सगळ्यात उंच गतिरोधकावर भरलेली गाडी खाली घासते का बघा, आणि तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत बसून आदिलाबादपर्यंत जा. तिथे उतरताना तुमची पाठ आणि गुडघे जे सांगतील, त्यावरूनच गाडी पक्की करा.